शोभेच्या झाडांवरील खवले कीड कशी ओळखावी

उद्यानांतील वृक्ष आणि झुडपे यांचा रस शोषणारी खवले कीड बहुधा उशिराच लक्षात येते. मावा आणि पिठ्या ढेकूण यांच्याशी नाते असलेल्या या किडीची मादी बहुतांश जातींत एकाच जागी चिकटून राहते. त्यामुळे पाहणाऱ्यास ती कीटक न वाटता सालीवरील पुळी वाटते.

शंका आल्यास ती पुळी नखाने खरवडून पाहावी. सालीचा उंचवटा सहजी निघत नाही. खवला मात्र अख्खा सुटून येतो. कीड जिवंत असल्यास नखाला ओलावा लागतो, मेलेली असल्यास कोरडा भुगा पडतो. मेलेले खवले अनेक महिने झाडावर तसेच राहतात. म्हणून फवारणीनंतर केवळ खवल्यांची संख्या पाहून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.

त्यानंतरचा प्रश्न कवचाचा आहे आणि उपाय त्यावरच अवलंबून असतो. गुलाबावरील तांबडी खवले कीड किंवा सायकसची पाने पांढरी करणारी कीड चपटी, एक ते तीन मिलिमीटर आकाराची असते. टाचणीने उचलल्यास तिचे कवच वेगळे होते आणि खाली मऊ शरीर दिसते. मऊ खवले किडीचे आवरण असे सुटत नाही. ती फुगीर असून चिकट गोड द्रव सोडते. त्यावर मुंग्या येतात आणि पानांवर काळी बुरशी चढते. कवचधारी कीड असा द्रव सोडत नाही. ती पेशींतील रस शोषत असल्याने इमिडाक्लोप्रिडसारखे आंतरप्रवाही कीटकनाशक बहुतेक कवचधारी जातींवर फारसे चालत नाही. मऊ किडीवर ते प्रभावी ठरते.

मूळची ऑस्ट्रेलियातील आयसेरिया ही कीड या दोन्ही गटांत बसत नाही. तिच्या मागे खाचा असलेली पांढरी अंडपिशवी असते आणि ती पिठ्या ढेकूण समजली जाण्याचा संभव असतो. १९२० च्या दशकात निलगिरीतील वॉटल वृक्षांवर तिचा उपद्रव झाला, तेव्हा रोडोलिया या भुंगेऱ्याच्या साहाय्याने ती आटोक्यात आणण्यात आली. अंदाधुंद फवारणीत असे मित्रकीटक आधी मरतात.

अंड्यांतून निघालेली पिल्ले तेवढी चालती असतात व त्यांच्यावर संरक्षक आवरण नसते. फांदीभोवती दोन्ही बाजूंनी चिकट असलेली पट्टी गुंडाळून दर आठवड्यास भिंगाने पाहावी. पट्टीवर पिवळसर ठिपके दिसू लागले की साबणाचे द्रावण किंवा बागायती तेल फवारण्याची वेळ आली, असे समजावे.