एक रूळ, अनेक गाड्या: आज्ञा इंजिनाला द्यावी की मार्गाला?

१/ दौंडहून बारामतीकडे एक एकेरी रेल्वेमार्ग जातो. शिर्सुफळ आणि कटफळ ही त्यावरची लहान स्थानके. आरंभी नॅरोगेज असलेला हा फाटा पुढे ब्रॉडगेज झाला. शेजारच्या इंदापूर तालुक्यातील भिगवणवरून मुंबई-सोलापूर हा मुख्य मार्ग जातो. दौंडच्या पुढे हे रूळ १८६० मध्ये सोलापूरला पोहोचले. या मुख्य मार्गाचाही मोठा भाग अनेक दशके एकेरीच राहिला. एकेरी मार्ग म्हटला की एक जुना प्रश्न उभा राहतो: समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांपैकी रूळ कोणाचा?

२/ या प्रश्नाची दोन उत्तरे इतिहासात सापडतात. एक खऱ्या रेल्वेने शोधले, दुसरे टेबलावर छोट्या गाड्या चालवणाऱ्या छांदिष्टांनी. ही दोन्ही उत्तरे अखेर एकमेकांना येऊन मिळाली. हा धागा त्या प्रवासाविषयी.

३/ १० सप्टेंबर १८७४ च्या रात्री इंग्लंडमध्ये नॉरिचजवळ थॉर्प येथे एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. वीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. रूळ शाबूत होते, इंजिनेही ठीक होती. चूक झाली ती तारेने पाठवलेल्या निरोपात: दोन्ही बाजूंच्या गाड्यांना निघण्याची मुभा मिळाली होती.

४/ या अपघातानंतर एडवर्ड टायर या अभियंत्याने १८७८ मध्ये एक युक्ती सिद्ध केली. दोन स्थानकांत विजेच्या तारेने जोडलेली दोन यंत्रे ठेवायची. एका यंत्रातून धातूची एक चकती बाहेर निघाली की ती पुन्हा कोणत्या तरी यंत्रात जाईपर्यंत दुसरी निघत नाही. ती चकती हाती असल्याशिवाय चालकाने गाडी हलवायची नाही. भारतातील एकेरी मार्गांवर पुढे याच तत्त्वावरचे नीलचे यंत्र रूढ झाले. त्यातून लोखंडी गोळा निघे. वेताच्या कडीला बांधलेल्या पिशवीतून तो गोळा चालत्या इंजिनावरच्या चालकाच्या हाती देणारा रेल्वे कर्मचारी हे लहान स्थानकांवरचे नित्याचे दृश्य होते.

५/ या पद्धतीत अधिकार गाडीला नसतो, मार्गाच्या तुकड्याला असतो. गाडी मेल असो वा मालगाडी, ज्याच्याजवळ गोळा, त्याचा रूळ.

६/ आता टेबलावरच्या गाड्यांकडे वळू. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. तिथे एकाच छोट्या शहरात अनेक गाड्या एकाच वेळी सिग्नल पाळत धावतात. बारामती-इंदापूरकडच्या मुलांना हे जग पाहायचे तर तेच सर्वांत जवळचे ठिकाण.

७/ अशा गाड्यांची मूळ अडचण अशी. इंजिनाला वीज रुळांतूनच मिळते. दाब वाढवला की वेग वाढतो, प्रवाहाची दिशा उलटवली की गाडी उलट धावते. म्हणजे एका रुळावर दोन इंजिने ठेवली तर दोन्ही एकाच आज्ञेने हलतात. रूढ उपाय असा होता: रुळांचे विजेच्या दृष्टीने वेगळे तुकडे पाडायचे आणि प्रत्येकाला स्वतंत्र बटण द्यायचे. ही खऱ्या रेल्वेचीच रीत होती. मार्गावर ताबा, म्हणून गाडीवर ताबा.

८/ १९७९ मध्ये ब्रिटनच्या हॉर्नबी कंपनीने 'झिरो वन' आणले. त्यात सोळा इंजिनांना वेगवेगळे क्रमांक देऊन एकाच रुळावर स्वतंत्रपणे चालवता येई. १९८० च्या दशकात जर्मनीच्या मार्क्लिननेही आपली डिजिटल पद्धत आणली. मात्र एका कंपनीची भाषा दुसरीच्या इंजिनाला कळत नसे.

९/ ही कोंडी अमेरिकेतील छांदिष्टांच्या राष्ट्रीय संघटनेने फोडली. १९९० च्या दशकात तिने जर्मन अभियंता बेर्न्ड लेन्झ यांच्या पद्धतीचा आधार घेऊन सर्वांना वापरता येईल असे खुले मानक ठरवले. तेच डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल.

१०/ त्यातली युक्ती सुरेख आहे. रुळांवर कायम पूर्ण दाबाची वीज असते, पण तिची दिशा सेकंदाला हजारो वेळा पालटते. अर्धे आवर्तन ५८ मायक्रोसेकंदांचे असेल तर ते 'एक', सुमारे १०० किंवा त्याहून लांब असेल तर 'शून्य'. अशा एक-शून्यांतून निरोप तयार होतो: आधी इंजिनाचा पत्ता, मग आज्ञा, शेवटी चूक पकडणारा पडताळा. प्रत्येक इंजिनातील चिप सर्व निरोप वाचते आणि फक्त आपल्या नावाचा पाळते. धुळीमुळे चाकाचा स्पर्श क्षणभर तुटला तर निरोप हरवू नये म्हणून तो पुन:पुन्हा धाडला जातो.

११/ गाडीला नाव मिळाले, पण एक जुनी सुरक्षा हातची गेली. तुकड्यांच्या पद्धतीत वीज नसलेल्या तुकड्यात शिरलेली गाडी आपोआप थांबे. डीसीसीत सगळे रूळ सदैव जागे असतात, त्यामुळे दोन इंजिने दोन आज्ञा बिनचूक पाळत एकमेकांवर आदळू शकतात. हे टाळण्यासाठी छांदिष्टांनी रुळांचे तुकडे परत आणले, या वेळी वीज तोडण्यासाठी नव्हे तर 'येथे गाडी आहे' हे संगणकाला कळवण्यासाठी. टायरची चकती अशी आडवाटेने परतली.

१२/ खऱ्या रेल्वेचा प्रवास उलट दिशेने झाला. तिच्याकडे मार्गाचा अधिकार होता, थेट इंजिनाशी बोलण्याची सोय नव्हती. सिग्नल लाल असला तरी चालकाची नजर चुकली की सारे व्यर्थ. २०२० मध्ये राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारलेले 'कवच' ही उणीव भरते. रुळांमधल्या खुणा इंजिनाला त्याची जागा सांगतात, रेडिओवरून त्याला किती अंतरापर्यंत जाण्याची मुभा आहे ते कळते, आणि चालकाने ब्रेक लावला नाही तर यंत्रणा लावते. मार्च २०२२ मध्ये सिकंदराबादजवळच्या चाचणीत इंजिन समोरच्या इंजिनापासून ३८० मीटर अलीकडे आपोआप थांबले.

१३/ आज्ञा पोहोचवणे आणि रूळ मोकळा असल्याची हमी देणे ही दोन वेगळी कामे आहेत. थॉर्पला पहिले काम झाले होते: निरोप पोहोचला, गाड्या निघाल्या. दुसरे राहून गेले आणि त्याची किंमत प्रवाशांनी मोजली. दौंड-बारामतीसारख्या एकेरी फाट्यावर स्टार्टर सिग्नल हिरवा होतो, तेव्हा त्यामागे दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या रात्रीचा धडा असतो. 🧵