गोळी देशी, औषध परदेशी

अमॉक्सिसिलिनच्या पाकिटावर हिमाचल, गोवा किंवा गुजरातमधल्या कारखान्याचा पत्ता असतो. तो खराच असतो, कारण कॅप्सूल तिथेच भरली जाते. कॅप्सूलमधला गुणकारी रेणू कुठे घडला, हे मात्र पाकिटावरून कळत नाही. त्यामुळे औषधांतील स्वावलंबनाचा विचार करताना तीन पायऱ्या वेगळ्या मानाव्या लागतात: मूळ द्रव्य, त्यापासून बनणारे बल्क ड्रग, म्हणजे तो गुणकारी रेणू, आणि शेवटी गोळी किंवा कॅप्सूल. शेवटच्या पायरीवर भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. पण आयात होणाऱ्या बल्क ड्रग व त्यांच्या पूर्वद्रव्यांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक माल चीनमधून येतो, आणि किण्वनाने बनणाऱ्या प्रतिजैविकांत तर पहिली पायरीच आपल्या हातून निसटली.

ती कधीच नव्हती असे नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या साह्याने 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि 1955 मध्ये तिथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. 1961 मध्ये आयडीपीएल ही सरकारी औषधकंपनी स्थापन झाली आणि तिचा प्रतिजैविकांचा कारखाना ऋषिकेशजवळ उभा राहिला. पुढे 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूऐवजी फक्त कृतीला पेटंट दिले आणि खासगी कारखान्यांनाही बळ मिळाले.

मग हे का ढासळले? उत्तर कारखान्याच्या आत शोधावे लागते. अमॉक्सिसिलिन ज्यापासून बनते ते पेनिसिलिन ही बुरशीची निर्मिती. प्रचंड फर्मेंटरमध्ये साखर, मक्याचा अर्क आणि निर्जंतुक हवा देत ही बुरशी दिवसेंदिवस वाढवायची, तापमान सुमारे 25 अंशांवर राखायचे, ढवळणे क्षणभरही थांबू द्यायचे नाही. पेनिसिलिन फोडणारा एखादा जिवाणू आत शिरला की अख्खी बॅच वाया. वीज गेली, हवा तुटली, तरी तेच. म्हणजे खर्चाचा मोठा भाग वीज, वाफ आणि साखर यांचा. उरलेला भाग बुरशीच्या वाणाचा: घरचे विरजण जपावे तसा हा वाण जपावा लागतो, शिवाय वर्षानुवर्षे निवड करून त्याचे उत्पन्न वाढवत न्यावे लागते.

चीनने अवाढव्य क्षमता उभारली आणि स्थानिक सरकारांनी तिला पाठबळ दिले. क्षमता वाढली तसा किलोमागचा खर्च उतरला. इकडे 1991 नंतर आयातीवरील बंधने सैल झाली, तर औषधांच्या किमतींवरचे नियंत्रण कायम होते. विक्रीची किंमत बांधलेली असेल तर उत्पादक कच्च्या मालातच बचत शोधणार. त्याला दोष देता येत नाही, पण परिणाम अटळ होता. फर्मेंटर बंद पडले, वाण सुधारण्याचे काम थांबले आणि ते जाणणारी माणसे पांगली. माझ्या मते यात सर्वांत जड नुकसान माणसांचे झाले; यंत्रे पैसे टाकून परत घेता येतात.

स्वस्त मिळते तिथून घ्यावे, हा आक्षेप रास्त आहे. विकणारे अनेक असतील तर तो पूर्ण लागू पडतो. इथे विकणारे मोजके, तेही बहुतांश एकाच देशातले. मार्च 2020 मध्ये चीनमधला पुरवठा विस्कळीत होताच भारताला पॅरासिटामॉलसह 26 घटक व औषधांच्या निर्यातीवर निर्बंध घालावे लागले. जगाला औषधे पुरवणाऱ्या देशाला आपले हात आखडते घ्यावे लागले, ते इतरांच्या पहिल्या पायरीवर उभे राहिल्यामुळे.

त्याच वर्षी केंद्राने बल्क ड्रगसाठी 6,940 कोटी रुपयांची उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना आणली. तिच्यातून काकीनाड्याजवळ पेनिसिलिन जी या मूळ द्रव्याचा कारखाना उभा राहिला, ही मोलाची सुरुवात आहे. पण प्रोत्साहन उत्पादकाला मिळते आणि खरेदीदार पुन्हा सर्वांत कमी दराकडेच पाहतो. परदेशी विक्रेत्याने काही काळ भाव पाडला, तर नव्या कारखान्याचा माल पडून राहील. सरकारी रुग्णालयांच्या निविदांत देशात किण्वन केलेल्या पेनिसिलिनपासून बनलेल्या औषधांचा निश्चित वाटा, थोडा जास्त दर देऊन आणि अनेक वर्षांच्या करारावर, राखून ठेवायला हवा. ग्राहक पक्का असेल तरच कारखानदार वाण सुधारणाऱ्या शास्त्रज्ञाला दहा वर्षे पगार देईल.