पनवेलची कचेरी आणि गाडीची चाके

गावाचा इतिहास शोधायचा म्हटले की आम्ही मुसलमान दर्गा, मशीद आणि किल्ला या तीन ठिकाणी जातो. नगरपालिकेच्या कचेरीकडे सहसा कोणी वळत नाही. पनवेलचा इतिहास मात्र त्या कचेरीपासूनच सुरू करावा लागतो.

पनवेल नगरपालिका आपली स्थापना 25 ऑगस्ट 1852 ची मानत आली. त्या वेळचा 1850 चा कायदा असा होता की रहिवाशांची इच्छा असेल तरच गावाला नगरपालिका मिळे. दिवाबत्ती-सफाईसाठी स्वतःहून कर भरायला तयार होणाऱ्या या गावात पैसा कुठून आला?

तो आला रस्त्याने आणि खाडीने. 1830 मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. देशावरचा माल बैलगाड्यांतून पनवेलला उतरे आणि बंदरातून गलबतांनी मुंबईला जाई. घाट उतरून आलेला गाडीवान चाकांची नवी जोडी इथूनच घेई. गाडीचा साटा तो घरी बनवी. तुंबा, आरे, लोखंडी धाव यांच्या कसबावर गावाची चूल पेटत होती. 1863 मध्ये बोरघाटातून आगगाडी धावू लागली आणि घाटावरचा माल पनवेलला वळसा घालून मुंबईला जाऊ लागला. तरीही विसाव्या शतकाच्या आरंभीच्या गॅझेटियरने गावाचा मुख्य उद्योग म्हणून चाकांचीच नोंद केली आहे.

गॅझेटियर धंदा सांगते, माणसांची नावे सांगत नाही. कच्छी मोहल्ला, पटेल मोहल्ला, इस्रायल तलाव ही नावे ऐकली की या गावात कोण कोण येऊन राहिले ते कळते. पण कोणाचे घर कुठे होते, कोण कधी जन्मले, कधी वारले, हे सांगणारे कागद नगरपालिकेच्या घरपट्टीच्या आणि जन्म-मृत्यूच्या वह्यांत असतात.

2019 मध्ये नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा आमच्या घराघरांतून आजोबा-पणजोबांचे दाखले शोधले गेले. तेव्हा त्या वह्यांची किंमत आम्हाला कळली. 1 ऑक्टोबर 2016 पासून पनवेल महानगरपालिका झाली आहे. कारभार वाढतो, इमारती बदलतात, आणि अशा वेळी जुने दप्तर सर्वांत आधी अडगळीत जाते. ते जपले जावे, अशी मागणी आम्ही सगळ्यांनी मिळून करायला हवी. जुने कागद बहुधा मोडीत असतात. म्हणून मोडी वाचणारी दोन-चार मुले-मुली आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात तयार व्हायला हवीत. आमच्या पूर्वजांनी या गावात घाम गाळला, याची साक्ष त्यांना तिथे वाचता येईल.