स्फटिक आणि मूस

श्रोतेहो, खडीसाखर कशी होते हे तुम्हांपैकी अनेकांना ठाऊक असेल. दाट पाकात दोरा सोडायचा आणि भांडे न हलवता सावकाश निवू द्यायचे, म्हणजे दोऱ्यावर खडे धरतात. घाई केली की नुसता रवा हाती लागतो. आज ज्या पदार्थाची हकिकत सांगायची आहे त्याचेही तसेच आहे. फक्त त्याचा पाक सुमारे हजार अंश तापलेला असतो, आणि तो भांडेच खातो!

१९११ साली हॉलंडातील लायडन येथे कामरलिंग ओनेस यांनी पारा उणे २६९ अंशांपर्यंत थंड केला, तेव्हा त्याचा विजेला होणारा विरोध एकाएकी नाहीसा झाला. हीच अतिसंवाहकता. पण एवढ्या थंडीला द्रवरूप हेलियम लागतो, आणि तो महाग. १९८६ साली झुरिचजवळ बेडनोर्झ व म्युलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडांत नवी वाट दाखवली. लगेच १९८७ मध्ये अमेरिकेत वू आणि चू यांच्या गटांना इट्रियम, बेरियम व तांबे यांचे ऑक्साइड सापडले. ते उणे १८० अंशांच्या आसपासच अतिसंवाहक होते. म्हणजे स्वस्त द्रवरूप नत्रवायूवर काम भागते.

पूड भाजून त्याची काळी वडी करणे सोपे. पुढे शाळांतूनही ती करून दाखवली गेली. पण वडी म्हणजे असंख्य कण एकमेकांना चिकटलेले. मोजमाप घेतले, तर गुण पदार्थाचा की कणांमधल्या फटींचा, हे सांगणार कोण? त्यासाठी अखंड स्फटिक हवा.

मग बेरियम व तांब्याचे ऑक्साइड जास्त घालून पातळ रस करायचा आणि तो दिवसचे दिवस हळूहळू निववायचा. त्यात काही मिलिमीटर रुंदीच्या, कागदासारख्या पातळ चकत्या तयार होतात. उरलेला रस गरम असतानाच ओतून काढतात आणि चकत्यांना प्राणवायूत पुन्हा तापवतात. अडचण मुशीची. ॲल्युमिनाची मूस विरघळते आणि ॲल्युमिनियम स्फटिकात शिरते.

हा बारीकसारीक तपशील वाटेल, पण बरं का, मोठा वाद यावरच अडला होता. इलेक्ट्रॉनांच्या जोड्या सर्व दिशांना सारख्याच घट्ट असतात की नाही? कॅनडात व्हँकुव्हरच्या विद्यापीठात लियांग यांनी झिर्कोनियाच्या मुशीत अधिक शुद्ध स्फटिक वाढवले. १९९३ साली हार्डी, बॉन आणि सहकाऱ्यांनी त्यांत चुंबकक्षेत्र किती खोल शिरते ते मोजले. उष्णतेबरोबर ती खोली सरळ रेषेत वाढली. अशुद्ध नमुन्यांत ती रेषा वाकडी येई. सर्व दिशा सारख्या नाहीत, याचा तो भक्कम पुरावा ठरला. पुढे जिनिव्हात अर्ब यांनी बेरियम झिर्कोनेटची मूस केली. तिला हा रस खात नाही. तेव्हा माझ्या मते या इतिहासात मूस घडवणाऱ्याचे नावही मोजणाऱ्याच्या बरोबरीने घ्यावे.

१९८८ साली जपानात माएदा यांना मिळालेल्या बिस्मथच्या ऑक्साइडांतील एकाचे स्फटिक मात्र अभ्रकासारखे पापुद्रे सोडतात. साध्या चिकटपट्टीने ते सोलता येतात. २०१९ मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठातील गटाने सोलत सोलत एकच थर उरवला. हवेत तो बिघडतो, म्हणून काम आर्गॉन वायूच्या बंद पेटीत केले. तो एकटा थरही जाड स्फटिकाइतक्याच उष्णतामानाला अतिसंवाहक झाला.