मेंढ्या समोर असूनही कामाचा कुत्रा शांत कसा राहतो?

ब्रिटनच्या डोंगरांत मेंढ्या मोकळ्या चरतात. हरवलेल्या माणसाचा माग काढणारा कुत्रा त्यांच्यामागे लागला, तर शोध बाजूलाच राहतो. शिवाय कुत्रा चावला नाही तरी घाबरलेली गाभण मेंढी गाभ टाकू शकते. म्हणूनच शोधपथकातल्या कुत्र्याला मेंढ्यांजवळ शांत राहण्याची चाचणी द्यावी लागते.

कायदा काय सांगतो?
इंग्लंड आणि वेल्समध्ये १९५३च्या कायद्यानुसार शेतजमिनीवर कुत्र्याने जनावरांचा नुसता पाठलाग केला, तरी मालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. दुसरा मार्गच नसेल, तर जनावरं वाचवण्यासाठी कुत्र्याला मारणाऱ्या शेतकऱ्याला १९७१च्या कायद्यानं काही अटींवर संरक्षण दिलं आहे.

सवय कशी लावतात?
पाहणं, दबा धरणं, धावणं, चावणं या शिकारीच्या पायऱ्या कुत्र्याच्या रक्तातच असतात. धावण्यातच त्याला मजा येते. त्यामुळे एकदा पाठलाग जमला की पुढच्या वेळी आवरणं कठीण जातं. म्हणून सुरुवातीला लांब दोरी बांधूनच सराव होतो. मेंढ्या दूर असताना कुत्र्यानं नजर वळवून प्रशिक्षकाकडे पाहिलं की लगेच खाऊ मिळतो. मग अंतर हळूहळू कमी करतात. एका हाकेवर तो हमखास थांबू लागला, की मगच दोरी सुटते.