नकोशी रेष : खिळ्यांपासून वर्डपर्यंत

आजचा विषय किरकोळ वाटेल. लग्नाचा बायोडेटा करायचा असतो. डावीकडे नाव, उंची, शिक्षण. उजवीकडे त्यांची माहिती. सगळं सरळ रेषेत यावं म्हणून आपण दोन रकान्यांचा तक्ता घालतो, आणि छापून बघतो तर प्रत्येक ओळीभोवती काळी चौकट. स्थळ कमी आणि रेशनकार्ड जास्त! ही रेष काढायची कशी ते आम्ही सांगणारच आहोत. पण आधी ती कुठल्या जातीची आहे ते बघू, कारण जात कळल्याशिवाय ती जात नाही.

खिळ्यांच्या छपाईत रेष ही वस्तू होती. पितळेची पट्टी, म्हणजे रूल, जुळारी मापात कापून बसवायचा. आडव्या-उभ्या पट्ट्या कोपऱ्यात भिडल्या नाहीत की तक्त्यात तिथे फट दिसायची. नकोशी खूण तेव्हाही उमटायचीच. मोकळ्या जागेसाठी घातलेली शिशाची पट्टी खिळ्यांपेक्षा बुटकी असते, तिला शाई लागू नये. पण धक्क्यांनी ती वर चढली की कागदावर काळा डाग. उपाय सरळ होता: पट्टी खाली दाबायची आणि चौकट पुन्हा आवळायची. टाइपरायटरवर तर आडवी रेष अधोरेखेच्या चिन्हाने काढायची आणि उभी बहुधा पट्टी घेऊन पेनाने.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला आणि रेष अक्षर झाली. त्यात प्रत्येक चिन्हाला ० ते २५५ मधला एक क्रमांक होता. १२७ पर्यंत नेहमीची इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं. वरच्या भागात १७९ ते २१८ या चाळीस जागा निव्वळ रेषांच्या तुकड्यांना दिलेल्या: उभी, आडवी, कोपरे, फुल्या, एकेरी, दुहेरी. तुकडे जोडत गेलं की पडद्यावर झकास तक्ता.

छापताना मात्र गडबड. त्या काळच्या एप्सनच्या बऱ्याच डॉट मॅट्रिक्स प्रिंटरांत वरच्या भागात रेषा नव्हत्याच, तिथे इंग्रजी अक्षरंच तिरकी करून ठेवलेली होती. क्रमांकातून १२८ वजा करा, जे अक्षर येईल ते तिरकं छापलं जाणार. दुहेरी आडवी रेष २०५. वजा १२८ केले की उरतात ७७, म्हणजे कॅपिटल एम. डावा वरचा कोपरा आय, उजवा वरचा कोपरा अर्धविराम. म्हणजे चौकटीच्या माथ्यावर एक आय, मग एम एम एम एम अशी लांबच लांब रांग, शेवटी अर्धविराम, आणि दोन्ही बाजूंनी खाली उतरणारे अपूर्णविराम. फाइल बरोबर, प्रिंटरही बरोबर. फक्त क्रमांकांच्या अर्थावर दोघांचं एकमत नाही. ज्या प्रिंटरांत रेषांचा संचही दिलेला असे, तिथे एक बारीक स्विच फिरवला किंवा एक संकेत पाठवला की काम भागायचं.

आता आपल्या दाराशी येऊ. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची संकेतप्रणाली आली, १९९१ मध्ये ती भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. तिनेही तोच वरचा भाग घेतला. त्यात 'क' चा क्रमांक १७९. पीसीवरच्या उभ्या रेषेचाही १७९. 'द' १९६, आडवी रेषही १९६. क पासून ह पर्यंतची सगळी व्यंजनं बरोबर त्या चाळीस जागांत! साध्या पीसीवर असा मराठी मजकूर उघडला तर शब्दांच्या जागी चौकटींचे तुकडे दिसणार. म्हणून पीसीसाठी इस्कीची वेगळी मांडणी करावी लागली, जिच्यात रेषांच्या जागा तशाच ठेवून आपली अक्षरं त्यांच्या अलीकडे-पलीकडे विभागून बसवली. आमच्या मते ही तडजोड क्षुल्लक नाही. कारकुनाला तक्त्याची रेषही हवी होती आणि क सुद्धा, आणि जागा एकच होती.

१९८९ मध्ये विंडोजसाठीचं वर्ड आलं. इथे रेष वस्तू नाही, अक्षरही नाही, तर रकान्याचा गुणधर्म आहे. आणि तिच्या दोन जाती झाल्या. ग्रिडलाइन म्हणजे पडद्यावरची फिकट रेष, आपल्याला रकाना दिसावा म्हणून. ती छापली जात नाही. बॉर्डर म्हणजे खरी किनार, ती छापली जाते. आजचं वर्ड नव्या तक्त्याला न विचारता अर्ध्या पॉइंटची काळी किनार देतं, बायोडेट्यातली चौकट तीच. तक्त्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या चार बाणांच्या खुणेवर क्लिक करून अख्खा तक्ता निवडा, मग बॉर्डर्समध्ये नो बॉर्डर. नुसता कर्सर एका रकान्यात ठेवून हे करत बसू नका, आधी अख्खा तक्ता निवडा. नंतर रकाने दिसेनासे झाले तर व्ह्यू ग्रिडलाइन्स चालू करा. कागदावर काही येणार नाही. एक्सेलमध्ये ग्रिडलाइन्स मुळात छापल्या जात नाहीत. येत असतील तर पेज लेआउटमध्ये ग्रिडलाइन्सखालची प्रिंटची खूण काढा.

एवढं करूनही एखादी आडवी रेष हट्टाने उरते. ती तक्त्याची नसतेच. कधीतरी तीन हायफन टाइप करून एंटर दाबलेलं असतं आणि वर्डने त्यांची परस्पर किनार केलेली असते, परिच्छेदाची. डिलीट दाबून ती हलत नाही. रेषेच्या लगेच वरच्या परिच्छेदात कर्सर ठेवा आणि तिथे नो बॉर्डर द्या.