नरसी ते घुमान : सरळ अंतर आणि भाषेचा मार्ग

हिंगोली जिल्ह्यातील नरसी आणि पंजाबच्या गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान ही दोन गावे संत नामदेवांच्या नावाने जोडली गेली आहेत. नरसी हे त्यांचे जन्मस्थान व घुमान ही उत्तरायुष्यातील वास्तव्याची भूमी, अशी परंपरा आहे. त्यांचा काळ सामान्यतः इ. स. १२७० ते १३५० असा मानतात. मराठी अभंगांचे नामदेव आणि पंजाबातील पदांचे नामदेव एकच की भिन्न, या वादाचा विचार करताना उभय स्थळांमधील अंतर मनात आल्यावाचून राहत नाही. म्हणून प्रथम ते अंतरच पाहू.

दोन्ही गावांच्या अक्षांशांत सुमारे १२ अंशांचा फरक आहे. एका अंशास १११ किलोमीटर धरल्यास सुमारे १,३३० किलोमीटर होतात. रेखांशांतील फरक दोन अंशांहूनही कमी असल्याने त्यात दहा किलोमीटरांच्या आसपासच भर पडते. आकाशमार्गाचे अंतर अशा रीतीने सुमारे १,३४० किलोमीटर भरते. हिंगोलीला जवळ असलेल्या नांदेडपासून अमृतसर याच हिशेबाने सुमारे १,४१० किलोमीटर येते. डिसेंबर २०१७ मध्ये या दोन शहरांदरम्यान थेट विमानसेवा सुरू झाली, तेव्हा हे अंतर दोन-अडीच तासांवर आले.

परंतु विमानातील प्रवासी मराठी प्रदेशातून निघतो व एकदम पंजाबीत उतरतो. मधल्या बोली त्याच्या कानी पडत नाहीत. पायी जाणाऱ्या यात्रिकाला मात्र तापी, सातपुडा, नर्मदा, चंबळ, सतलज व बियास ओलांडावी लागे आणि मुक्कामागणिक बदलती भाषा समजून घ्यावी लागे. त्याचा मार्ग तीर्थांनी व अन्नपाण्याच्या सोयीने ठरे, सरळ रेषेने नव्हे.

इ. स. १६०४ मध्ये संकलित झालेल्या शीख आदिग्रंथाच्या परंपरेत नामदेवांची ६१ पदे मिळतात. त्यांची भाषा मिश्र आहे. विठ्ठलाचे ‘बीठल’ हे रूप तेथे येते. ‘आनीले’ यांसारखी लकारयुक्त रूपेही आढळतात. तथापि केवळ लकारावरून मराठीपण सिद्ध होत नाही. भोजपुरी, बंगाली इत्यादी पूर्वेकडील भाषांतही तो आहे. शिवाय परंपरागत निर्वाणकाळ व संकलन यांत सुमारे अडीचशे वर्षांचे अंतर असून, तेवढ्या काळात गायकांच्या मुखी रूपे पालटणे स्वाभाविक होय. ‘बीठल’ या नामाचे महत्त्व मात्र अधिक आहे, कारण ते पंढरपूरच्या दैवताशी निगडित आहे. त्यावरूनही कर्त्याचे एकत्व सिद्ध होत नाही. पंढरीचा भक्तिसंप्रदाय पंजाबपर्यंत पोहोचला होता, एवढे निश्चित म्हणता येते.

सारांश, १,३४० किलोमीटरांचा आकडा प्रवासाची किमान मर्यादा सांगतो. प्रवास घडला की नाही, हे सांगत नाही. इ. स. २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ८८ वे अधिवेशन घुमान येथे भरले. त्या वेळी महाराष्ट्रातून तेथे गेलेल्यांना हे अंतर प्रत्यक्ष अनुभवता आले. अभ्यासकाने मात्र ते पदांतील प्रत्येक रूपाच्या परीक्षणातूनच मोजावयास हवे.